तिसरं व्हय

गाऱ्हाणं चालू असताना कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. पुढे नारळ ठेवलेला असतो, मानकरी देवाला एकेक वाक्य सांगतो आणि थांबतो. थांबला की जमलेले सगळे एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. पुढचं वाक्य, पुन्हा व्हय. ‘नाही’ म्हणायची जागा त्यात ठेवलेलीच नाही, आणि आमोण्याच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या चाळीस घरांच्या वाड्यावर ती कोणाला कधी लागलीही नव्हती.

क्षमा तोंडांकडे बघू शकली, कारण तिच्याकडे व्हिडिओ होता.

ती त्याच वाड्यावरची. ताळगावच्या विद्यापीठातून पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि गावाच्या वरच्या सड्यावर, त्या कातळी पठारावरच, नोकरी मिळाली. चार वर्षांपूर्वी तिथे पाम तेलाची फॅक्टरी आली होती. खाणी बंद पडल्यापासून वाड्यावरचे सात ट्रक ताडपत्रीखाली गंजत पडले होते. पामचे घड तोडल्यापासून दिवसभरात गिरणीत पोचले नाहीत तर तेल आंबतं, म्हणून फॅक्टरीला जवळच्या गाड्या हव्या होत्या. साती ट्रक पुन्हा चालू झाले. त्यातला एक क्षमाच्या वडिलांचा, मधुकरचा.

तिचं काम दोन भागांत होतं. घड कुठल्या बागेतून आले आणि ती बाग जंगल तोडून केलेली नाही ना, हे नकाशावर बसवायचं. दुसरं, लोकांच्या तक्रारी नोंदवायच्या. फॅक्टरीच्या फाटकावर मोठा फलक होता: जंगल तोडणार नाही, पाणी नासवणार नाही, तक्रार दडपणार नाही. दारावरून जाणारे ट्रकवाले त्याला ‘देवाचो फोटो’ म्हणायचे. क्षमाला मात्र त्यातली सगळी वाक्यं पाठ होती. ती खरी आहेत की नाहीत हे कोणीतरी मोजायला हवं, आणि ते मोजायला आपल्याला ठेवलंय, असं ती धरून चालली होती.

चौदा नंबरची तक्रार शेवंतीची. शेवंती म्हणजे वाड्याच्या नात्याने क्षमाची काकी. नवरा खाणीवर होता, तो जाऊन आठ वर्षं झाली; मूलबाळ नाही. वहाळाच्या, म्हणजे सड्यावरून येणाऱ्या ओढ्याच्या काठाला तिची जमिनीची एक लांब पट्टी होती. पावसाळा सरला की त्यात तांबडी भाजी, मुळा, अळसांदे लावायची आणि बुधवारी डिचोलीच्या बाजारात जाऊन बसायची. डिसेंबरात तिच्या भाजीची पानं कडेने करपू लागली. मुळा उपटला तर टोक काळं, मऊ. एका सकाळी तिने वहाळातलं पाणी बाल्दीत भरलं, डोक्यावर घेऊन सडा चढली आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या पायाशी बाल्दी ठेवली.

“ह्यां तू पी,” ती त्याला म्हणाली. “मगे मी जातंय.”

पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं आणि त्याला आंबूस वास होता. पहारेकऱ्याने क्षमाला बोलावलं. क्षमाने तक्रार लिहून घेतली, त्याच दिवशी वहाळावर जाऊन दोन जागी नमुने घेतले. फॅक्टरीच्या वर पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन लिटरला सहा पूर्णांक आठ मिलिग्राम. फॅक्टरीच्या खाली, शेवंतीच्या पट्टीपाशी, शून्य पूर्णांक नऊ. खात्री करायला तिने तीनदा मोजलं. मासा सोडाच, एवढ्या ऑक्सिजनमध्ये बेडकाचं पिल्लूही तग धरत नाही.

तिचा वरिष्ठ तुषार मूळचा कुडाळचा. वयाने चाळिशीचा, हसरा, कोणाशीही त्याच्या भाषेत बोलणारा. क्षमाला वाटलं होतं की तो आकडे नाकारेल. त्याने एकही आकडा नाकारला नाही. घड वाफवले की उरतं ते पाणी मुरवायला दोन तळी पुरत नाहीत, तिसरं हवं आणि ते फॅक्टरी खणणार आहे, असं त्याने तिला शांतपणे सांगितलं. खणून, भरून, चालू व्हायला पुढचा पावसाळा उलटणार. तोवर पाणी वहाळातच जाणार. फेब्रुवारीत शाश्वत पाम तेलाच्या प्रमाणपत्रासाठी तपासनीस येणार, आणि एक जरी तक्रार उघडी असेल तर प्रमाणपत्र नाही. ते नाही तर परदेशातली बिस्किटं करणारी कंपनी आपलं तेल घेणार नाही, आणि मग साती ट्रक पुन्हा ताडपत्रीखाली. तो एका शब्दानेही खोटं बोलत नव्हता. म्हणूनच क्षमाला त्याच्याशी भांडायला कुठून सुरुवात करावी ते सुचेना.

मग त्याने तोडगा काढला. वाड्याला विचारूया, म्हणाला. आणि विचारायचं ते फॅक्टरीच्या गार खोलीत नको, तिथे बायका खुर्चीच्या टोकावर बसतात आणि पुढे सरकवलेल्या कागदावर सह्या करून उठतात. देवळाच्या चौकात, सगळ्यांसमोर विचारूया. आधी गाऱ्हाणं घालूया.

क्षमाला हे फार आवडलं. तिने वडिलांना घरी जाऊन सांगितलंसुद्धा की हा माणूस वेगळा आहे.

गाऱ्हाणं घालणार यशवंत आबा. वाड्याचा मान त्यांच्या घराकडे. त्यांचा मुलगा दत्तप्रसाद फॅक्टरीवर ट्रक चालवायचा. लोकांना काय सांगायचं ते अर्ध्या कागदावर सोप्या भाषेत लिहून आबांना दे, असं तुषारने क्षमाला सांगितलं. तिने तीन वाक्यं लिहिली. फॅक्टरी आपल्या गाड्यांना काम देते. सड्यावर नवं तळं होणार आहे. ते होईपर्यंत फॅक्टरीचं पाणी वहाळात येईल, आणि त्याबद्दल वाड्याचं म्हणणं विचारायचं आहे. काहीही लपवलं नाही याचं तिला समाधान वाटलं. कागद तिने तुषारकडे दिला, तुषारने आबांकडे.

जानेवारीतली रविवारची सकाळ. चौकात एकेचाळीस माणसं. क्षमा मोबाइल धरून एका बाजूला उभी होती. आबांनी नारळ ठेवला, विडा ठेवला, कागद डोळ्यांपुढे धरला आणि तो आपल्या बोलीत घेत सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा, आज तुज्या दारात ही सगळी लेकरां जमलेली आसत. फॅक्टरीच्या कामात आमच्या सात गाड्यांक बरकत दी.”

“व्हय म्हाराजा.”

“वयर सड्यार नव्या तळ्याचा काम सुरू होतला, ता निर्विघ्न पार पडांदे.”

“व्हय म्हाराजा.”

“ता पुरा होयसर फॅक्टरीचा पाणी व्हाळात येतला, तेका वाड्याची हरकत नाय, तेच्यापसून कोणाक बाधा होवची नाय असा कर.”

“व्हय म्हाराजा.”

‘हरकत नाय’ क्षमाने लिहिलं नव्हतं. नारळ फुटला, खोबऱ्याची शिरणी प्रसाद म्हणून वाटली, मग तुषारने पाच मिनिटं भाषण केलं आणि काही विचारायचं आहे का असं लोकांना विचारलं. कोणी काही विचारलं नाही. देवापुढे बोलून झालेलं माणसापुढे कशाला उकरायचं? सगळे हजेरीच्या कागदावर सह्या करून घरी गेले. क्षमाने आबांच्या हातातला कागद मागून घेतला. तिसऱ्या वाक्याचं शेपूट खोडलेलं होतं आणि त्यावर तुषारच्या अक्षरात चार शब्द होते.

दुसऱ्या दिवशी इतिवृत्त तयार होतं. उपस्थिती एकेचाळीस, संमती एकमताने. तक्रार क्रमांक चौदाची तक्रारदार उपस्थित होती व तिने संमती दिली, सबब तक्रार बंद. खाली नोंद घेणारी म्हणून क्षमाची सही हवी होती.

“सर, गाऱ्हाण्यात कोणी नाही म्हणत नाही,” ती म्हणाली. “तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे म्हणूनच तिथे घेतलं,” तुषार म्हणाला. “तुला काय वाटलं, मी भाविक आहे?”

त्याने पेन तिच्याकडे सरकवलं. तिची नोकरी कायम व्हायला दोन महिने उरले होते. तिने इतिवृत्त पुन्हा वाचलं. एकेचाळीस माणसं होती, खरं. सगळ्यांनी व्हय म्हटलं, खरं. जे घडलं तेवढ्याचीच ही नोंद आहे, असं तिने स्वतःला समजावलं आणि सही केली.

पण ते तिला पचलं नाही. पुढचे दोन दिवस ती व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत राहिली, आणि चार मिनिटं बारा सेकंदांवर तिला ते सापडलं. शेवंती दुसऱ्या रांगेत, खांबाला लागून उभी होती. पहिल्या वाक्याला तिचे ओठ हलले. दुसऱ्याला हलले. तिसऱ्या वाक्याला आजूबाजूच्या चाळीस जणांची तोंडं उघडली आणि तिचं मिटलेलं राहिलं. क्षमाने एकेक चित्र पुढे सरकवून बघितलं. चूक नव्हती. प्रयोगशाळेत रात्रंदिवस खपून एखादा आकडा हाती लागावा तसा तिला आनंद झाला. एकमत नव्हतंच. चाळीस होते, आणि एक नव्हतं.

शेवंतीला आधी जाऊन विचारावं, हे तिच्या मनात आलं नाही. मोजमाप झाल्यावर नमुन्याला कोणी विचारत नाही.

त्याच सुमारास दत्तप्रसादचा ट्रक घड भरून चढ चढताना मागे घसरला आणि गटारात कलंडला. त्याचा उजवा पाय दोन जागी मोडला. फॅक्टरी येण्याआधी ट्रक सहा वर्षं उभा होता, ब्रेकच्या नळ्या तडकल्या होत्या. गॅरेजवाल्याने त्या आबांना काढून दाखवल्या. पण गाऱ्हाणं घालून पंधरा दिवस झाले नाहीत तोच हे कसं, याचं उत्तर त्या नळ्यांत कोणाला सापडेना. आबांची बायको सुलोचना विहिरीवर सगळ्यांना विचारायची की कुठे काय चुकलं. विडा नीट होता, नारळ सरळ फुटला होता. मग चुकलं कुठे?

फेब्रुवारीच्या शेवटी तपासनीस आली. सेजल नाव, अहमदाबादची, तिशीतली. तिने कागद नीट वाचले, वहाळावर जाऊन स्वतः पाणी बघितलं. जेवणाच्या सुट्टीत क्षमाने तिला गाठलं आणि सगळं सांगितलं: गाऱ्हाणं म्हणजे काय, कागदाचं शेपूट कोणी बदललं, आणि चार मिनिटं बारा सेकंद. सेजलने मधे न बोलता ऐकलं, व्हिडिओ दोनदा बघितला आणि म्हणाली की हे गंभीर आहे. पण मिटलेल्या तोंडाचा अर्थ मी लावू शकत नाही, तो त्या बाईनेच सांगायला हवा. ती नाही म्हणाली तर तक्रार आजच पुन्हा उघडेन.

तुषारला बोलावलं. तो रागावला नाही. तो फक्त एवढंच म्हणाला की विचारलं होतं उघड्यावर, तर पुन्हा विचारायचं तेही उघड्यावर व्हावं, नाहीतर कंपनीने कोपऱ्यात गाठून बोलायला लावलं असं लोक म्हणतील. सेजलला ते न्यायाचं वाटलं. क्षमालाही वाटलं. पुरावा जितक्या लोकांसमोर, तितका पक्का.

दुपारी चार वाजता ते देवळाच्या चौकात होते. शेवंतीला बोलावणं गेलं, आणि तिच्यामागून कोणी न बोलावता बारा-पंधरा माणसं आली. आबा आले. सुलोचना आली. क्षमाने लॅपटॉप पायरीवर ठेवला. लोक वाकले, काहींनी गुडघे टेकले.

“हां बघा,” क्षमा म्हणाली. “खांबाकडे. काकीच्या तोंडाकडे बघा.”

पहिलं व्हय. दुसरं. तिसऱ्याला तिने चित्र थांबवलं. मग कोणाला नीट दिसलं नसेल म्हणून मागे नेऊन पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा थांबवलं तेव्हा तिला जाणवलं की पडद्याकडे आता फक्त सेजल आणि ती, दोघीच बघताहेत. बाकीचे सगळे वळून शेवंतीकडे बघत होते.

“शेवंते,” आबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “तू व्हय म्हणूक नाय?”

“तरीच,” सुलोचना म्हणाली.

एवढंच म्हणाली. पण महिनाभर जे सापडत नव्हतं ते आता सापडलं होतं, आणि ते तिच्या तोंडावर दिसलं. कोणीतरी मागे सरकलं. शेवंतीच्या दोन्ही बाजूंना जागा झाली.

सेजलला यातलं काही कळलं नाही. तिने हिंदीत हळुवारपणे विचारलं आणि क्षमाने शब्दाला शब्द लावून सांगितलं: काकी, तुझी संमती होती की नव्हती? घाबरू नको. तू नाही म्हणालीस तर तक्रार पुन्हा उघडेल आणि फॅक्टरीचं प्रमाणपत्र थांबेल. शेवटचं वाक्य गाळणं तिला अप्रामाणिकपणाचं वाटलं. तिने तेही सांगितलं. सात ट्रकांची माणसं ते ऐकत उभी होती. त्यात मधुकरही होता.

शेवंतीने क्षमाकडे बघितलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. अनोळखी माणसाचा चेहरा नीट लक्षात ठेवावा तसं तिने बघून घेतलं.

“म्हटलंय मी,” ती म्हणाली. “मनात म्हटलंय. देवाक मनातला आयकाक येता.”

क्षमाने भाषांतर केलं. सेजलने तिला आणखी एकदा विचारायला लावलं, नियम तसा होता. शेवंतीने पुन्हा तेच सांगितलं. सेजलने लिहून घेतलं.

अहवालात चौदा नंबरची तक्रार तक्रारदाराच्या स्वतःच्या दुजोऱ्याने बंद झाली. त्यात एक परिच्छेद कौतुकाचाही होता. कंपनीच्या स्थानिक कर्मचाऱ्याने स्वतःहून शंका उपस्थित केली, स्वतंत्र पडताळणी समाजासमोर खुलेपणाने झाली, आणि ही पद्धत इतर गिरण्यांनी अनुसरण्याजोगी आहे. प्रमाणपत्र मार्चमध्ये आलं. त्याच आठवड्यात क्षमाची नोकरी कायम झाली. तुषारने पेढे मागवले आणि पहिला तिच्या हातावर ठेवला.

“दहा बैठका घेतल्या असत्या तरी मला हे जमलं नसतं,” तो म्हणाला, आणि त्यात टोमणा नव्हता, तो खरोखरच तिची तारीफ करत होता.

वाड्यावर कोणी शेवंतीला वाईट बोललं नाही. ती विहिरीवर आली की बायका आपली भांडी उचलून घ्यायच्या. डिचोलीला जाणारा टेम्पो तिच्यापाशी थांबेनासा झाला. टोपली तशीही अर्धीच असायची. कोणाकडे बारसं असो की सत्यनारायण, तिला सांगायला कोणी जाईना. जिने गाऱ्हाण्यात तोंड मिटून धरलं तिची सावली घरातल्या कार्यावर कशाला, एवढं साधं होतं ते.

एप्रिलमध्ये क्षमा नमुना घ्यायला वहाळावर गेली. शून्य पूर्णांक चार. शेवंती आपल्या पट्टीच्या कडेला बसली होती. पट्टीत काही नव्हतं. क्षमा तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली आणि आपण आणखी एक अर्ज करू शकतो, वरच्या मंडळाकडे, असं सांगू लागली. आकडे आपल्याकडे आहेत.

“तुका माज्या तोंडाकडे बघूक कोणी सांगलेला?”

“काकी, मी तुझ्यासाठीच केलं ते.”

“व्हाळ गेलो ता माका कळलेला,” शेवंती म्हणाली. “म्हणान गप रवलंय. व्हाळ गेलो तरी वाडो होतो मगे माका. तोय तू मोजून दिलंस.”

क्षमाने बाटलीचं झाकण लावलं, त्यावर तारीख आणि वेळ लिहिली.

मे महिन्यात तिसऱ्या तळ्याचं काम सुरू व्हायचं होतं. पुन्हा चौक, पुन्हा नारळ. प्रमाणपत्र टिकवायला दरवर्षी पुरावे लागतात. या वेळी चेहरे जवळून घे, म्हणून तुषारने क्षमाला बजावलं होतं. दत्तप्रसाद कुबडी घेऊन आला. आबा प्रत्येक वाक्यापाशी थांबले, पूर्वीपेक्षा जरा जास्त थांबले, आणि त्या थांबण्यात सगळ्यांचे डोळे देवावरून निघून एकाच माणसावर गेले.

शेवंती पहिल्या रांगेत उभी होती. नवं लुगडं नेसून आली होती. आबांचं वाक्य पुरतं संपायच्या आतच तिचं व्हय सुरू व्हायचं, आणि सगळ्यांचं विरल्यावरही थोडं उरायचं. मानेच्या शिरा ताणलेल्या क्षमाला पडद्यावर स्वच्छ दिसत होत्या. पाच वाक्यं झाली, पाची वेळा.

मग सुलोचना शिरणी वाटायला निघाली. पहिल्या रांगेत एकेका हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवत आली. शेवंतीने ओंजळ पुढे केली. सुलोचना तिच्यापुढून पुढच्या हाताकडे गेली.

ओंजळ थोडा वेळ तशीच राहिली. मग शेवंती वळली आणि क्षमापाशी आली.

“आता नीट दिसला मगे?”

क्षमाने मागे नेऊन बघितलं. पाची वेळा ओठ हललेले, आवाज स्पष्ट.

“दिसलं,” ती म्हणाली.

“मगे तेंका दाखय.”

क्षमाने पिशवीतून लॅपटॉप काढला, पायरीवर ठेवला, व्हिडिओ लावला. शेवंती पडद्याच्या बाजूला उभी राहिली, लोकांना दिसावं म्हणून जरा सरकून. लोक खोबरं खात, बोलत, चपला शोधत होते. बघायला कोणी आलं नाही.